सात वर्षांच्या मुलीसाठी मुलींना कमी न लेखणारी गोष्टींची पुस्तकं कशी निवडावीत?

तुमची मुलगी दुसरीत आहे, वाचायची गोडी लागलीय, पण हाती येईल त्या पुस्तकातली मुलगी एक तर रडते नाहीतर राजपुत्राची वाट बघते, असं तुम्ही लिहिलंय. मी परभणीकडची. माझी लेक तुमच्या मुलीपेक्षा थोडी मोठी आहे, त्यामुळे हा प्रश्न घरचाच.

मुखपृष्ठावर मुलगी आहे का, हे बघूच नका. गोष्ट जिथं अडते तिथून तिला पुढं कोण नेतं, ते बघा. दुकानात उभ्या उभ्या मधली चार पानं चाळली तरी कळतं. मुलगी स्वतः काही ठरवते का, हट्ट करते का, चुकते का, की नुसतीच गुणी आहे? मला तर गुणी मुलींच्या गोष्टींचा कंटाळाच येतो.

म्हणून पहिलं नाव 'तोत्तोचान' या जपानी पुस्तकाचं. मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांचा, नॅशनल बुक ट्रस्टनं काढलेला. वर्गाच्या खिडकीतून रस्त्यावरच्या वादकांना हाका मारणारी ही पोर पहिल्या शाळेतून काढली जाते. नव्या शाळेत मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी तासन् तास तिची बडबड ऐकून घेतात. तिला वळण लावायला कुणी टपलेलं नाही. दुसरीतल्या लेकराला एकटीनं वाचायला जड जाईल, पण प्रकरणं छोटी आहेत. रात्री एकेक वाचून दाखवा.

चित्रांकडेही लक्ष असू द्या. बालभारतीनं 2019 साली दुसरीच्या पुस्तकात आईबाबा दोघं मिळून भाजी निवडतानाचं चित्र छापलं, तर त्याची बातमी झाली! भाजी निवडणारा बाप आपल्याकडं बातमीचा विषय. मला सगळ्यात खटकतो तो रंग. राजकन्या गोरीपान, चेटकीण काळी. आपल्या उन्हात वाढलेल्या सावळ्या लेकरानं त्यात स्वतःला कुठं शोधायचं? 'जाडी', 'काळी' म्हणून हशा पिकवणारं पुस्तक फुकट मिळालं तरी मी घरात आणत नाही.

जुन्या गोष्टी मात्र सरसकट मोडीत काढू नका. भोपळ्यातली म्हातारी आठवा. एकटी जंगल तुडवत लेकीकडं निघते, वाटेत वाघाला बोलण्यात गुंडाळते आणि लेकीकडं खाऊनपिऊन मजेत परत येते. इतकी धीट बाई नव्या पुस्तकांतही सहज सापडायची नाही.

एसटी स्टँडवर मिळणारी थोरांची पातळ चरित्रं जरा जपून घ्या. त्यांतल्या बायका बहुतेक कुणाची तरी आई नाहीतर सून असतात. अहिल्यादेवींचं चरित्र घेणार असाल तर त्यांनी कारभार कसा केला हे ज्यात आहे तेच घ्या. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार त्यांनी केलेला. ते देऊळ लेकीला नेऊन दाखवता येतं. आणि बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके, ज्या निजामाच्या रझाकारांविरुद्ध लढल्या, त्यांची गोष्ट 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, तुम्हीच तोंडी सांगा.

लेकीनं दुकानात राजकन्येचंच पुस्तक उचललं तर हिसकावू नका. वाचून झाल्यावर एवढंच विचारा, तू असतीस तर काय केलं असतंस? माझी म्हणाली, "मी साडीला गाठी मारून खाली उतरले असते अन् राजपुत्राचाच घोडा घेऊन पळाले असते."

तालुक्याच्या दुकानात गाईड आणि वह्यांपलीकडं फारसं काही नसतं, हे खरंय. संभाजीनगरला किंवा नांदेडला जाणं झालं तर तिथं बघा. तोवर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. त्यांतले निवडून घ्यावे लागतात, कारण काळ जुना आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवरही मराठी चित्रगोष्टी फुकट आहेत, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या. दुसरीसाठी दुसऱ्या पातळीपासून सुरू करा. घरात लहान भाऊ असेल तर त्यालाही शेजारी बसवा.