लेसरने चष्मा घालवताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय 24, दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे 6. एका ठिकाणी ‘कॉर्निया 490 मायक्रॉन आहे, लॅसिक नको’ म्हणाले. दुसरीकडे लगेच तारीख देतायत. कुणाचं ऐकू?

नको म्हणणाऱ्यांचं. गणित स्वतःच मांडून बघा. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. बहुतेकांमध्ये त्याची मधली जाडी 540 मायक्रॉनच्या आसपास असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लॅसिकमध्ये आधी त्याचा वरचा पापुद्रा उचलतात, त्याला फ्लॅप म्हणतात. तो साधारण 110 मायक्रॉनचा. मग खालच्या थराला लेसरने आकार देतात, त्यात दर नंबरामागे 14-15 मायक्रॉन जातात. तुमचे 6 नंबरांचे झाले 90. म्हणजे 490 मधून 200 गेले, उरले 290. किमान 250 उरावेत या जुन्या नियमात तुम्ही बसता. होकार बहुधा त्यावरच मिळाला असेल.

पण फ्लॅप परत ठेवला तरी पडद्याला पूर्वीसारखी बळकटी देत नाही. म्हणून फ्लॅप आणि लेसरने गेलेला भाग मिळून एकूण जाडीच्या 40 टक्क्यांच्या आत राहावेत, असंही पाहतात. तुमचे जवळजवळ 41 टक्के होतात. उरलेला पडदा डोळ्यातल्या दाबापुढे कमी पडला तर तो काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी पुढे फुगू लागतो. मग नंबर वेडावाकडा वाढतो आणि चष्म्यानेही नीट दिसत नाही. चष्मा घालवायला जाऊन चष्म्यानेही दिसेनासं होणं, ही किंमत फार मोठी आहे.

जाडीइतकाच महत्त्वाचा कॉर्नियाचा नकाशा, म्हणजे टोपोग्राफी. त्याचा रिपोर्ट मागून घ्या. तपासणीआधी सॉफ्ट लेन्स एक-दोन आठवडे आणि सेमी-सॉफ्ट तीन-चार आठवडे बंद होत्या ना? लेन्सच्या दाबाने नकाशा चुकतो. नकाशा निर्दोष असेल आणि नंबर वर्षभर स्थिर असेल, तर पीआरके या दुसऱ्या लेसर पद्धतीबद्दल विचारा. त्यात फ्लॅप नसतो. वरची 50 मायक्रॉनची नाजूक त्वचा काढतात आणि ती पुन्हा भरून येते. मात्र दोन-तीन दिवस चांगलंच दुखतं, चार-पाच दिवस बँडेज लेन्स ठेवावी लागते आणि नजर स्वच्छ व्हायला काही आठवडे जातात. नकाशात केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची शंका असेल तर लॅसिक आणि पीआरके दोन्ही विसरा, डोळ्यात बसवायच्या आयसीएल लेन्सची चौकशी करा.

प्रश्न : लॅसिकच्या वेळी दुखतं का? मध्येच डोळा हलला तर?

भूल थेंबांची असते, इंजेक्शन नाही. पापण्या क्लिपने उघड्या ठेवतात, त्यामुळे मिटण्याची भीती नको. फ्लॅप करताना डोळ्यावर गोल रिंग दाबून बसते. दाब जाणवतो, काही सेकंद अंधारून येतं. इथे घाबरून डोकं हलवू नका, कारण रिंग सुटली तर फ्लॅप अर्धवट राहू शकतो आणि त्या दिवशी थांबावं लागतं. पुढच्या टप्प्यात दिव्याकडे बघत राहायचं. केस जळल्यासारखा वास येतो, तो नेहमीचाच. बुबुळ थोडं हललं तर ट्रॅकर लेसरला त्यामागे नेतो, जास्त हललं तर लेसर थांबतो.

घरी गेल्यावर चार-सहा तास जळजळ होते, पाणी येतं. झोप काढा. डोळे मात्र चोळू नका, फ्लॅप सरकतो. झोपताना काही दिवस शील्ड लावा. डोक्यावरून अंघोळ आणि काजळ डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत नको. कॉर्नियाच्या नसा कापल्या जात असल्याने कोरडेपणा तीन ते सहा महिने राहू शकतो. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, ती बहुतेकांची कमी होत जातात. दुखणं वाढलं किंवा नजर एकदम धूसर झाली तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : वय 43. लॅसिकनंतर वाचायचा चष्माही जाईल का?

नाही. तो चष्मा डोळ्यातलं भिंग कडक झाल्याने लागतो, कॉर्नियामुळे नव्हे. तुमचा उणे नंबर लहान असेल तर आज चष्मा काढून वाचता येतं. लॅसिकनंतर तेही जाईल. आणि शस्त्रक्रियेआधीचे नंबर, कॉर्नियाची मापं जन्मभर जपून ठेवा. पुढे मोतीबिंदूच्या वेळी लेन्सचा नंबर काढायला ती लागतात, आणि लेसरनंतर काचबिंदूच्या तपासणीत डोळ्यातला दाब खरा आहे त्याहून कमी दिसत असतो, तेव्हा लेसर झाल्याचं डॉक्टरांना आधीच सांगा.