टेक्सासची किंग रँच (गुरं पाळायची मोठी जमीनदारी) नवऱ्यामागे हेन्रिएटा किंग यांनीच वाढवली का?

हो, मालकी आणि शेवटचा शब्द त्यांचाच होता. १८८५ मध्ये रिचर्ड किंग वारले तेव्हा सुमारे ५ लाख एकर जमिनीसोबत जवळपास तेवढ्याच डॉलरचं कर्ज त्यांच्या गळ्यात पडलं. ते फेडून १९२५ पर्यंत, म्हणजे त्या गेल्या तोवर, जमीन दुपटीहून जास्त झाली होती. टेक्सासच्या इतिहासावरच्या लेखनात हे सगळीकडे सापडतं. दानधर्मही बहुतेक जमिनीचाच: १९०४ मध्ये रेल्वे आली तेव्हा किंग्जव्हिल गाव वसवायला जागा दिली, शिवाय चर्च आणि शाळांना. गावातल्या जमिनीच्या खरेदीखतात दारूविक्रीला बंदी, हा बाईंचा खाक्या! फक्त रँचचा रोजचा कारभार जावई रॉबर्ट क्लेबर्ग बघायचे, ते श्रेय त्यांचं.