आईंचं खुब्याचं ऑपरेशन पाच आठवड्यांवर आलंय, तर...

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ६८ आहे, उजवा खुबा बदलायचाय, पाच आठवडे हातात आहेत. घरात आधी काय करून ठेवायचं आणि तुम्ही रजा किती काढायची, हे तुमचे दोन प्रश्न. माझे दोन्ही खुबे बदललेले आहेत, मध्ये तीन वर्षांचं अंतर. पहिल्या वेळी 'घरी आल्यावर बघू' म्हणत गेले आणि घरी आल्यावर रडकुंडीला आले. दुसऱ्या वेळी शहाणी झाले होते.

रजेचं आधी सांगते. ऑपरेशननंतरचे पहिले दोन आठवडे घरात चोवीस तास कोणीतरी हवंच, विशेषतः रात्री बाथरूमला उठताना. तिसऱ्या आठवड्यापासून बरेच जण दिवसाचे काही तास एकटे राहू शकतात. पण सगळी रजा सुरुवातीलाच उडवू नका, चार दिवस पाचव्या आठवड्यासाठी मागे ठेवा. ते का, ते पुढे येईलच.

या पाच आठवड्यांत पहिलं काम दातांचं. किडलेला दात, सुजलेली हिरडी, पायाला चिघळलेली जखम, लघवीची जळजळ यातलं काही असेल तर आत्ताच दाखवा. रक्तातून जंतू नव्या सांध्यापर्यंत पोचले तर ते निस्तरणं फार जड जातं. मधुमेह असेल तर साखर ताब्यात हवी, नाहीतर तारीख पुढे ढकलतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते वाढवायलाही हाच वेळ आहे. आणि आई घेतात त्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना द्या, काढे आणि 'त्यात काय, साधंच चूर्ण' सुद्धा. रक्त पातळ ठेवणारी गोळी कधी थांबवायची ते तेच सांगतील, आपल्या मनाने थांबवू नका.

आता सर्जनना एक प्रश्न नक्की विचारा: चीर मागच्या बाजूने घेणार की पुढून? कारण पथ्यं त्यावर ठरतात. मागून असेल तर नेहमीचे तीन नियम: खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, ऑपरेशनचा पाय आत वळवायचा नाही. साधारण सहा ते बारा आठवडे हे चालतं. पुढून असेल तर नियम वेगळे असतात. काही सर्जन हल्ली फारसं काहीच बंधन घालत नाहीत. म्हणून शेजारच्या काकूंचे नियम आईंना लावू नका, माझेही नकोत.

माझी चीर मागून होती, म्हणून माझ्या घराची गोष्ट त्या हिशोबाने वाचा. खुर्ची हवी हातांची, टणक, आणि इतकी उंच की बसल्यावर गुडघे खुब्याच्या खाली राहतील. आईंना उभं करून जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत माप घ्या आणि बैठक त्याहून दोनेक इंच वर ठेवा. पलंगालाही हेच माप. कमोडवर बसवायची उंच सीट आधीच आणा आणि ती हलत नाही ना ते स्वतः बसून बघा. पायपुसणी, सतरंज्या, लोंबणाऱ्या वायरी उचला.

पहिल्या वेळी घरी आल्याच्या दुसऱ्याच रात्री माझा फोन पलंगाखाली गेला. वाकता येईना, कोणाला हाक मारावी तर सगळे दुसऱ्या खोलीत दार लावून झोपलेले. त्या फोनचा उजेड फरशीवर पडलेला मी सकाळपर्यंत बघत होते. दुसऱ्या वेळी मी लांब दांड्याचा चिमटा घेतला, फोन दोरीने गळ्यात अडकवला आणि उशाशी एक घंटी ठेवली. वॉकर धरला की दोन्ही हात अडकतात, हे आधी कोणाच्या लक्षात येत नाही. वॉकरला पुढे कापडी पिशवी बांधा, पाण्याला झाकणाची बाटली ठेवा.

सगळ्यात उपयोगी पडली ती तालीम. ऑपरेशनच्या आधीच वॉकर घरी आणून बसणं-उठणं घोटवून घ्या. खुर्चीची कड पोटऱ्यांना लागेपर्यंत मागे जायचं, ऑपरेशनचा पाय पुढे सरकवायचा, हात खुर्चीच्या हातांवर, मग बसायचं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. काठी पुढे मिळेल ती डाव्या हातात धरायची, म्हणजे ऑपरेशनच्या उलट बाजूला. दुखत असताना, औषधांच्या गुंगीत हे नव्याने शिकणं अवघड जातं.

ऑपरेशननंतर बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. आई घाबरतील, घाबरू द्या, फिजिओ धरून असतात. झोपल्या झोपल्या घोटे वर-खाली करत राहायचं, त्याने पोटरीत रक्त साकळण्याचा धोका कमी होतो. मांडी काळीनिळी होते, तो रंग गुडघ्याखालीही उतरतो, सूज कित्येक आठवडे राहते. ऑपरेशनचा पाय लांब झाल्यासारखा वाटतो, तेही बहुतेक वेळा हळूहळू जातं. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट मात्र साफ होत नाही. माझ्या मते पहिल्या आठवड्याचा खरा त्रास तोच, त्यावरचं औषध घरी यायच्या आधीच मागून घ्या.

आता पाचवा आठवडा. दुखणं ओसरलेलं असतं, जांघेतली ती जुनी कळ तर केव्हाच गेलेली असते आणि माणूस विसरतं. आतले स्नायू आणि सांध्याभोवतीचं आवरण अजून भरत असतं. मी ओट्यापाशी उभी होते, मागून कोणीतरी हाक मारली आणि ऑपरेशनच्या पायावर भार टाकून तशीच गर्रकन वळले. खुब्यात काहीतरी सटकल्यासारखं झालं. सांधा निखळला नव्हता, पण एक्स-रे होईपर्यंत माझे हात थरथरत होते. वळायचं ते लहान लहान पावलं टाकत. आईंना मागून हाक मारू नका, समोर येऊन बोला. राखलेली रजा या दिवसांसाठी, कारण 'आता मी करते ना' हे याच आठवड्यात सुरू होतं.

एकदम असह्य दुखून पाय आखूड किंवा वाकडा दिसला, त्यावर उभंच राहता येईना, तर सांधा निखळलेला असू शकतो. तेव्हा घरात हलवाहलव न करता रुग्णवाहिका बोलवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तरीही तसंच. पोटरी दुखून सुजली, जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप चढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. रक्त पातळ ठेवायची गोळी किंवा इंजेक्शन बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायचं नाही.

आणि चपला आत्ताच घ्या: मागे पट्टा असलेल्या, न घसरणाऱ्या, नेहमीपेक्षा एक नंबर मोठ्या. सुजलेला पाय जुन्या चपलेत जात नाही, आणि वाकून ती ओढायला आईंना परवानगी नसेल.