आईला घेऊन प्रागहून एका दिवसात कुत्ना होरा पाहता येईल का?

वयस्कर आईला घेऊन प्रागहून एका दिवसात कुत्ना होरा हे चेक प्रजासत्ताकातील जुने चांदीच्या खाणींचे गाव पाहून परत येता येईल का, आणि तेथील हाडांचे चॅपल तिला सोसवेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी माझ्या आईसोबत नेमकी हीच सहल केली आहे. दिवस पुरतो. अंगावर काटा यावा अशी जागाही या गावात आहे, पण माझ्या मते ती हाडांची नव्हे.

प्रागच्या मुख्य स्थानकावरून रेल्वेने साधारण तासाभरात पोहोचता येते. कुत्ना होराचे मुख्य स्थानक सेद्लेत्स या भागात असून जुने गाव तेथून बरेच लांब पडते, म्हणून सेद्लेत्स आधी पाहावे. अस्थिगृहाचे, म्हणजे हाडांच्या चॅपलचे, तिकीट सेद्लेत्सच्याच कॅथेड्रलजवळच्या माहिती केंद्रात काढावे लागते; हे ठाऊक नसल्याने आम्हाला एक हेलपाटा पडला.

तेराव्या शतकात येथील सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठाच्या प्रमुखाने जेरुसलेमहून गोल्गोथाची, म्हणजे येशूला क्रुसावर चढवले त्या टेकडीची, माती आणून दफनभूमीत पसरली, अशी आख्यायिका आहे, आणि त्यामुळे दूरदूरच्या लोकांना आपले दफन येथेच व्हावे असे वाटू लागले. पुढे चौदाव्या शतकातील प्लेगने आणि पंधराव्या शतकातील हुसाइट युद्धांनी (हुसाइट म्हणजे धर्मसुधारक यान हुसचे अनुयायी, ते कॅथलिकांविरुद्ध लढले) दफनभूमी इतकी भरली की जुनी हाडे उकरून तळघरातील चॅपलमध्ये रचावी लागली. किमान ४०,००० माणसांच्या या अस्थींना आजचे रूप १८७०मध्ये फ्रांतिशेक रिंट या लाकडी कोरीवकाम करणाऱ्या कारागिराने दिले. मध्यभागी टांगलेल्या झुंबरात मानवी शरीरातील प्रत्येक हाड एकदा तरी वापरले आहे, असे सांगतात. त्याला काम देणाऱ्या श्वार्झेनबर्ग घराण्याचे हाडांनी घडवलेले मानचिन्हही येथे असून त्यात एक कावळा तुर्काच्या कवटीचा डोळा टोचतो आहे. अस्थी नदीत सोडून मोकळे होणाऱ्या आपल्या लोकांना हे सारे विचित्र वाटणे साहजिक आहे. माझी आई मात्र घाबरली नाही, तिने एवढेच विचारले, “यांची नावे कुठे लिहिली आहेत का?” भिंतीवर नाव आहे ते रिंटचे, तेही हाडांनीच लिहिलेले. २०२०पासून पूर्वपरवानगीशिवाय आत छायाचित्रे काढता येत नाहीत, आणि त्यामुळे शांतता टिकली आहे.

जवळचे कॅथेड्रल हुसाइटांनी १४२१मध्ये जाळले आणि अठराव्या शतकाच्या आरंभी सान्तिनी या वास्तुविशारदाने ते पुन्हा उभारले. अर्धा तास पुरतो.

खरा काळोख जुन्या गावात, ह्रादेक या इमारतीतील चांदीच्या संग्रहालयाखाली आहे. पांढरा डगला, हेल्मेट आणि दिवा देऊन तुम्हाला मध्ययुगीन खाणीत उतरवतात. बोगदा काही ठिकाणी इतका अरुंद आहे की खांदे तिरके करून आणि मान वाकवून सरकावे लागते. वाटाड्याने सर्वांना दिवे मालवायला सांगितले, तेव्हा डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा हातही मला दिसेना. हुसाइट युद्धांच्या काळात कुत्ना होराच्या कॅथलिक खाणकामगारांनी विरोधकांना जिवंत खाणीच्या विहिरींमध्ये ढकलले होते, हे मी आदल्या रात्रीच वाचले होते. ते त्या क्षणी आठवायला नको होते. पायऱ्या पुष्कळ असल्याने आईला येथे नेऊ नका. माझी आई जेझुइट महाविद्यालयासमोरच्या, पुतळ्यांच्या रांगेने सजलेल्या गच्चीवर दरीकडे पाहत आनंदाने बसली होती.

तेथून चालत काही मिनिटांवर संत बार्बराचे चर्च आहे. बार्बरा ही खाणकामगारांची संरक्षक संत. येथील चांदीतून १३००पासून प्राग ग्रोशेन नाणी पाडली जाऊ लागली आणि त्याच चांदीवर गबर झालेल्या गावकऱ्यांनी १३८८मध्ये हे बांधकाम सुरू केले. पुढे युद्ध आले, नंतर चांदी आटली, आणि चर्च पूर्ण व्हायला १९०५ साल उजाडले. तंबूसारखी तीन टोकांची छपरे बाहेरून पाहाल, पण आत गेल्यावर आधी मान वर करा: वास्तुविशारद बेनेडिक्ट रीटने घडवलेल्या छताच्या दगडी शिरा पाकळ्यांसारख्या एकमेकींत गुंफत जातात. बाजूच्या एका चॅपलमध्ये नाणी पाडणाऱ्या कारागिरांची भित्तिचित्रे आहेत. तेथेच पांढऱ्या डगल्यातील, हातात दिवा धरलेला खाणकामगाराचा पुतळा उभा आहे. आई त्याच्याकडे पाहून म्हणाली, “मघाशी तूही असाच दिसत होतास, फक्त तुझा चेहरा जास्त उतरला होता.”