कॅथलिक फादरचा विश्वास ढळतो अशा विषयावरचा जुना सिनेमा कुठला बघावा? (धर्माची टिंगल नको आणि प्रवचनही नको)

नाझारीन बघा. दिग्दर्शक लुईस बुन्युएलने मेक्सिकोत केलेला, १९५९ चा, ब्लॅक अँड व्हाइट, दीड तासाच्या आसपासचा. या विषयावर बरेच जण स्वीडनचा दिग्दर्शक बर्गमनचं नाव घेतील, पण त्याचा तो 'विंटर लाइट' लुथरन (म्हणजे प्रोटेस्टंट) पास्टरचा आहे, कॅथलिक फादरचा नाही. आणि तुमच्या दोन्ही अटी नाझारीनमधे पूर्ण होतात.

मूळ कादंबरी स्पेनच्या बेनितो पेरेस गाल्दोसची, १८९५ ची. बुन्युएलने ती उचलून हुकूमशहा पोर्फिरिओ दियासच्या काळातल्या (साधारण १९०० च्या सुमाराच्या) मेक्सिकोत नेली. फादर नाझारिओ (फ्रान्सिस्को राबालने काय काम केलंय!) एका गरीब वस्तीतल्या खानावळीवजा वाड्यात राहतो, जवळ काही ठेवत नाही, कोणी चोरलं तरी तक्रार नाही, कोणी भीक घातली तर खायचं. एक वेश्या दुसरीला भोसकून त्याच्या खोलीत लपते, तो तिला आसरा देतो, मग पोलीस, चर्चची खप्पामर्जी, सगळंच मागे लागतं आणि तो झगा उतरवून अनवाणी रस्त्याला लागतो. पुढे ती आणि अजून एक बाई, दोघी त्याला संत समजून मागे मागे येतात, तो नको नको म्हणत असतानाच.

इथून पुढे मी शेवटापर्यंत सगळं सांगणार आहे, तेव्हा कोरं बघायचं असेल तर थांबा.

मला यात सगळ्यात भिडतं ते हे की त्याचा विश्वास कुणी वाद घालून तोडत नाही. नास्तिक येऊन मुद्दे मांडतोय, फादर निरुत्तर होतोय, असं काहीच नाही. तो चांगलं वागतो आणि त्यातून वाईट निघतं, बस, पुन्हा पुन्हा एवढंच. रस्त्याच्या कामावर तो म्हणतो मला पैसे नकोत, नुसतं जेवण द्या, आता हे त्याच्या दृष्टीने पुण्यच, पण बाकीच्या मजुरांच्या पोटावर पाय येतो ना, ते त्याला हाकलतात, तो मुकाट निघून जातो आणि त्याच्यामागे मुकादमाशी भांडण पेटून गोळ्या झाडल्या जातात, आणि हा आपला पुढे चालतोय, आपल्यामुळे काय झालं याचा पत्ताच नाही. साथीच्या गावात मरायला टेकलेल्या बाईला तो स्वर्गाचं सांगायला जातो तर ती म्हणते स्वर्ग नको, मला माझा हुआन हवा. हुआन येतो, फादरला बाहेर काढतो, तिला जवळ घेतो. यात ती बाई चूक आहे असं बुन्युएल कुठेही सुचवत नाही, आणि फादर मूर्ख आहे असंही नाही.

मग तुरुंग. तिथे एक कैदी त्याला बेदम मारतो आणि तेव्हा त्याला पहिल्यांदा कळतं की क्षमा करणं अवघड असतं, तो क्षमा करतो पण तुझा तिरस्कारही वाटतो असं बोलून जातो. त्याला वाचवणारा चोर नंतर त्याला सरळ विचारतो की तू चांगल्या बाजूला, मी वाईट बाजूला, पण आपल्या दोघांचा कुणाला काय उपयोग? फादरकडे उत्तर नाही. राबालचा चेहरा तेव्हा बघा, माझ्या मते सिनेमा इथेच फुटतो, शेवटी नाही.

शेवटी शिपायाबरोबर चालताना एक फळं विकणारी बाई दया येऊन त्याला अननस देते. तो आधी नाही म्हणतो, चार पावलं जातो, परत वळतो, घेतो, देव तुमचं भलं करो म्हणतो आणि रडत चालू लागतो, आणि मागे ढोल सुरू होतात. हे ढोल बुन्युएलच्या जन्मगावचे, स्पेनमधल्या कालांदाचे, गुड फ्रायडेला तिथे रात्रभर बडवतात. यावर लोक आजही भांडतात, कुणाला वाटतं देव सुटला, कुणाला वाटतं आत्ता कुठे सापडला. मला वाटतं, आयुष्यभर त्याने जे दान घेतलं ते देवाने दिलं म्हणून घेतलं, देणाऱ्या माणसाकडे बघायची वेळच आली नाही. या वेळी समोर फक्त एक बाई दिसली आणि ती त्याला झेपली नाही. याला श्रद्धा गेली म्हणायचं का? जुनी, पक्की, सगळं ठरलेली श्रद्धा नक्कीच गेली. उरलं काय, ते सिनेमा सांगत नाही आणि सांगायलाही नको.

गंमत बघा, बुन्युएल उघड नास्तिक, लहानपणी जेझुइटांच्या (एका कॅथलिक संघाच्या) शाळेत शिकलेला, आणि कान महोत्सवात बक्षीस मिळालं तेव्हा कॅथलिक मंडळींनाही हा सिनेमा आपला वाटला, तेही पुरस्कार द्यायच्या विचारात होते. दोन्हीकडच्या माणसांना तो आपला वाटावा, यातच तुमच्या टिंगल नको, प्रवचन नकोचं उत्तर आलं.

अजून एक, कॅमेरामन गाब्रिएल फिगुएरोआ ढग-डोंगर टिपण्यात एकदम उस्ताद, त्याने पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीची देखणी फ्रेम लावली तर बुन्युएलने कॅमेराच फिरवून साध्या रानाकडे केला. त्यामुळे नयनरम्य काही मिळणार नाही, पार्श्वसंगीतही जवळजवळ नाही, सुरुवातीची वीसेक मिनिटं त्या वाड्यातला नुसता गोंधळ वाटेल. तेवढी काढा. स्पॅनिश मूळ आवाज ठेवून सबटायटल्स लावूनच बघा, डब केलेला नको.