घरकुल मंजूर झालं तरी जुन्या भिंतीला हात लावू नका

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकुल मंजूर झालंय, पहिला हप्ता खात्यात आलाय, सासऱ्यांच्या काळातलं मातीचं घर पाडून तिथेच बांधायचं ठरलं, आणि तेवढ्यात शेजारच्या हेमाडपंती देवळाचा चौकीदार सांगून गेला की इथे बांधकाम चालणार नाही. सरपंच म्हणतात सरकारचीच स्कीम आहे, कोण अडवतंय, पाडा बिनधास्त.

पाडू नका. एक भिंत पावसात बसलीय म्हणालात, उरलेल्या तीन आहेत तशा राहू द्या, कारण तुमची अर्धी केस त्या तीन भिंतींवर उभी आहे.

आधी देवळाबाहेरचा बोर्ड नीट वाचा. भारतीय पुरातत्व सर्वेक्षणाचा असेल तर १९५८ चा केंद्राचा कायदा लागतो, राज्याच्या पुरातत्व खात्याचा असेल तर १९६० चा राज्याचा कायदा, आणि मग पुढचं सगळं गणित वेगळं, तेव्हा बोर्डाचा फोटो पाठवा. केंद्राचा धरून सांगतो. संरक्षित हद्दीपासून चहूबाजूंनी १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्याच्या पुढचे २०० मीटर नियंत्रित. तुम्ही देवळाच्या पायरीपासून सत्तर पावलं मोजलीत, पण मोजायचं असतं संरक्षित हद्दीपासून, म्हणजे कंपाउंड त्या हद्दीवर असेल तर घर अजूनच जवळ येतं, त्यामुळे अंतर खात्याकडूनच लेखी घ्या.

नियंत्रित पट्ट्यात असाल तर परवानगीचा अर्ज करून नवीन बांधता येतं. शंभरच्या आत असाल तर नाही. सरपंचांच्या म्हणण्याला कायद्यातच उत्तर आहे, २०१० च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय की सार्वजनिक कामासाठीसुद्धा प्रतिबंधित क्षेत्रात बांधकामाची परवानगी द्यायची नाही, मग तुमचं घरकुल कुठे बसणार! (गंमत म्हणजे सार्वजनिक शौचालय, गटार, पाण्याचं काम ‘बांधकाम’ या व्याख्येतच येत नाही, म्हणून पंचायतीचं शौचालय तिथे झालं हा तुमचा मुद्दा कामाचा नाही.) विनापरवानगी बांधलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ग्रामसेवकाचा कागद तिथे वाचवत नाही.

आता भिंतींचं. १६ जून १९९२ च्या आधीचं घर असेल तर शंभर मीटरच्या आतही दुरुस्तीची परवानगी मागता येते. दुरुस्ती म्हणजे उभ्या घराची, पाडून पुन्हा उभं करणं त्यात येत नाही. एकदा जमीनदोस्त केलंत की दुरुस्त करायला काही उरतच नाही आणि नवीन बांधायला बंदी, म्हणजे ना जुनं ना नवं. माझ्याकडे अशी माणसं आलीत, तोवर जेसीबी फिरून गेलेला असतो. नमुना ८ चा (ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीचा) जुना उतारा, १९९२ च्या आधीचं लाइट बिल, घरपट्टीच्या पावत्या, जे सापडेल ते काढा.

पण दुरुस्तीला घरकुलाचे पैसे वापरता येणार नाहीत, ते नवीन घरासाठी आहेत. म्हणून गटविकास अधिकाऱ्यांना अर्ज द्या की मंजूर जागा प्रतिबंधित क्षेत्रात येते, घरकुल दुसऱ्या जागेवर करून मिळावं, आणि पोच घ्या. हप्ता खर्चू नका. गावठाणात जागा नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे, ती भूमिहीनांसाठी म्हणून तुम्हाला ‘तुमच्या नावावर जागा आहे की’ असं ऐकवतील, तेव्हा तिथे बांधता येत नाही हे सांगणारं पुरातत्व खात्याचं पत्र हातात हवं.

आणि तलाठ्याने पर्यावरण मंजुरी आणा म्हटलंय ते सोडून द्या. इमारतींसाठी ती २० हजार चौरस मीटरपासून पुढे लागते, तुमचं घरकुल २५-३० चौरस मीटरचं.

आज संध्याकाळी उजेड असतानाच तिन्ही भिंतींचे आतून-बाहेरून फोटो काढा, मागे देऊळ दिसेल असा एक तरी हवा.