'अनलॉफुल पझेशन ऑफ फायरआर्म' पोर्तुगीजमध्ये कसं लिहायचं?

भारतातल्या कोर्टाचा आदेश ब्राझीलला पाठवायचाय आणि त्यातल्या या शब्दांना पोर्तुगीज प्रतिशब्द हवाय, असं तुम्ही म्हणता. खालच्या प्रतिक्रियांत कुणीतरी 'पोसे इलेगाल' (बेकायदा जवळ ठेवणं) सुचवलंय, ते वाचून राहवलं नाही.

ब्राझीलच्या 2003 च्या शस्त्रकायद्यात (क्र. 10.826) 'पोसे' (जवळ ठेवणं) आणि 'पोर्ते' (सोबत घेऊन फिरणं) हे दोन वेगळे गुन्हे आहेत. सामान्य नागरिकाला चालणारं पिस्तूल नियम मोडून स्वतःच्या घरात किंवा स्वतः मालक असलेल्या दुकानात ठेवलं, तर कलम 12, 'पोसे इर्रेगुलार' (नियमबाह्य पोसे), 1 ते 3 वर्षं कैद. तेच कमरेला खोचून रस्त्यावर सापडलं तर कलम 14, 'पोर्ते इलेगाल' (बेकायदा पोर्ते), 2 ते 4 वर्षं कैद. गाडीत सापडलं तरी पोर्तेच; ट्रकची केबिन ही ड्रायव्हरची कामाची जागा आहे, हा युक्तिवादसुद्धा तिथल्या न्यायालयाने फेटाळलाय. म्हणजे शब्द चुकला की माणसाचा गुन्हाच बदलतो.

आपली अडचण अशी की 'विनापरवाना पिस्तूल बाळगणे' यात कपाटातलंही येतं आणि कमरेचंही. आपल्या 1959 च्या आर्म्स ॲक्टचं (शस्त्रकायद्याचं) कलम 25 सुद्धा जवळ असणं आणि घेऊन फिरणं एकाच दमात सांगतं. म्हणून आधी आदेशात जप्ती कुठे झाली ते शोधा. ते दिलेलं नसेल तर अंदाज न बांधता 'पोसे ओउ पोर्ते दे आर्मा दे फोगो सें लिसेन्सा' (विनापरवाना बंदूक जवळ ठेवणं किंवा घेऊन फिरणं) असं वर्णन लिहा. रोमन लिपीत 'पोसे'त एस दोन, हे विसरू नका.

वाचणाऱ्याला ओळखीचं वाटावं म्हणून ब्राझीलचंच कलम घालावं, असं काही भाषांतरकार ठासून सांगतात. साफ चूक. भारतीय कोर्टाने त्या कलमाखाली कुणाला दोषी ठरवलेलंच नाही. आर्म्स ॲक्ट, साल, कलम जसंच्या तसं ठेवा. तिथे ते कशात बसतं हे तिथला अधिकारी बघेल. भाषांतरकाराने न्यायाधीश व्हायचं नसतं, ही गोष्ट कितीदा सांगायची?

 

हे सगळं ब्राझीलपुरतं. पोर्तुगालच्या 2006 च्या कायद्यात (क्र. 5) गुन्ह्याचं नाव 'देतेन्साओ दे आर्मा प्रोइबिदा' (बंदी असलेलं शस्त्र बाळगणं) आहे. आणि ब्राझीलच्या कोर्टात दाखल करायचं असेल तर सहसा तिथल्या शपथबद्ध भाषांतरकाराचं भाषांतर लागतं (राजनैतिक मार्गाने किंवा केंद्रीय प्राधिकरणामार्फत आलेलं असेल तर गोष्ट वेगळी), तुमचा मसुदा फक्त त्याच्या सोयीसाठी.